एक पाय जमिनीवर

स्कूटर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आजही बजाज चेतक उभी राहते. पायानं ढकलायची स्कूटर म्हटलं, तर खेळण्यांच्या दुकानाबाहेर टांगलेली, गुलाबी-निळ्या चाकांची, सात-आठ वर्षांच्या पोरांची वस्तू. त्यामुळे चांगला पन्नाशीतला माणूस डोक्यावर हेल्मेट घालून, एक पाय फळीवर ठेवून आणि दुसऱ्यानं रस्ता मागे रेटत चाललेला दिसला, की बघणाऱ्याला हसू फुटतं. चेक प्रजासत्ताकात, नेदरलंड्समध्ये, फिनलंडमध्ये हे दृश्य आता नवलाचं नाही. तिथे मोठ्या चाकांच्या किक स्कूटरवरून फेरफटका मारणारी, शर्यती लावणारी प्रौढ मंडळी आहेत, त्यांचे क्लब आहेत. तरी त्यांच्याकडे बघताना एक गोष्ट आपण धरूनच चालतो: हे मुळात मुलांचं खेळणं, मोठ्यांनी हौसेपायी उसनं घेतलेलं. इतिहास नेमका उलट आहे. जमिनीला पाय मारत दोन चाकांवर पुढे जायची युक्ती निघाली ती मोठ्यांसाठी. मुलांच्या हाती ती गेली मोठ्यांनी टाकून दिल्यावर. आणि पुढे जिथे जिथे ती मोठ्यांकडे टिकली किंवा परत आली, तिथे सायकलीची वाट कशानं तरी अडलेली होती असं दिसतं. कुठे बर्फानं, कुठे गरिबीनं, कुठे धर्मानं. आज व्यायामासाठी स्कूटर मारणाऱ्याची सायकल अडते ती त्याच्या स्वतःच्या निश्चयानं. म्हणूनच मला ही अलीकडची लहर वाटत नाही. जुन्याच अडवणुकीचं ते सगळ्यांत ताजं प्रकरण आहे.

सुरुवात जर्मनीतल्या बाडेन राज्यात झाली. १२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन द्राइस हा वनखात्यातला अधिकारी मानहाइममधून आपलं 'धावयंत्र' घेऊन बाहेर पडला, श्वेट्झिंगनच्या रस्त्यावरच्या टपाल-ठाण्यापर्यंत गेला आणि तासाभराच्या आत परत आला. जाऊन-येऊन अंतर साधारण १३-१४ किलोमीटर. एकामागे एक अशी दोन लाकडी चाकं, मध्ये तुळई, तुळईवर गादी, पुढचं चाक वळवायला दांडा, एवढंच ते यंत्र. पेडल नाही, साखळी नाही. बसायचं आणि दोन्ही पायांनी आळीपाळीनं जमीन मागे ढकलायची. इथे कोणी म्हणेल की ही तर सायकलीची आजी, हिला स्कूटरच्या घराण्यात कशाला ओढता? आक्षेप निम्मा बरोबर आहे. बसण्याच्या गादीमुळे तिचं नातं सायकलीशी जुळतं खरं. पण वाहन चालतं कशानं, हे बघायचं झालं तर द्राइसचं यंत्र सायकलीपेक्षा स्कूटरला जवळचं आहे. सायकलस्वाराचा पाय जमिनीपासून सुटलेला असतो, इथे तो सुटलेला नाही. शिवाय हे यंत्र चालवणारे सगळे मोठे होते, आणि बहुतेक खात्यापित्या घरचे. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या घोडागाड्या बनवणाऱ्यानं १८१८च्या डिसेंबरात पेटंट घेतलं, लाँग एकरमधल्या कारखान्यात तीनशेवर यंत्रं बनवली आणि घेरदार झगा घालणाऱ्या बायकांसाठी तुळई खाली घेतलेला एक वेगळा नमुनाही काढला. १८१९चा उन्हाळा लंडनच्या नटव्या तरुणांनी या यंत्रावर काढला आणि व्यंगचित्रकारांची चंगळ झाली.

हे वेड एवढ्या झटपट का ओसरलं? रस्ते खराब होते. घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांत लाकडी चाक अडकायचं, म्हणून स्वार गुळगुळीत पदपथावर चढायचे आणि पायी चालणाऱ्यांच्या अंगावर जायचे. मानहाइमनं १८१७ संपायच्या आतच पदपथावर बंदी घातली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मिलान, लंडन, न्यूयॉर्क आणि पार कोलकात्यापर्यंत असेच मनाई-हुकूम निघाले. वाहन रस्त्याचं, जागा मात्र पदपथाची, हा पेच तेव्हापासून या घराण्याच्या मागे लागला तो आजतागायत सुटलेला नाही. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल बसलं, १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची साखळीवाली 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉपची हवेची धाव आली. त्यानंतर शहाण्यासुरत्या माणसानं जमिनीला पाय मारत जायचं काही कारणच उरलं नाही. त्याच श्रमात सायकल कितीतरी लांब नेते.

मुलांकडे ही युक्ती आली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, आणि तीही टाकाऊ मालातून. मोडक्या रोलर स्केटची चाकं, एक फळी, एक उभा खोका, झाली स्कूटर. आपल्याकडे याच जातीची बेअरिंगची गाडी होती: गॅरेजवाल्यानं फेकलेली तीन बॉलबेअरिंगं, मागे दोन आणि पुढे एक, पुढच्या आडव्या लाकडाला मध्ये एकच बोल्ट, म्हणजे ते पायानं किंवा दोरीनं वळवता येईल. डांबरी उतारावर तिचा खडखडाट दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा. मोठ्यांच्या वाट्याला मात्र याच काळात वेगळंच काही येत होतं. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत 'ऑटोपेड' निघाली. उभ्यानं चालवायची स्कूटरच, पण पुढच्या चाकावर छोटं पेट्रोल इंजिन. दांडा पुढे ढकलला की क्लच लागायचा, मागे ओढला की सुटायचा आणि ब्रेक लागायचा. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन १९१६ मध्ये लंडनच्या रस्त्यावर ऑटोपेडवरून चालल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. ही ऑटोपेड १९२०च्या सुमारास थंडावली, पण दिशा ठरून गेली: मोठ्यांची स्कूटर म्हणजे मोटरची, पायाची ती मुलांची. महायुद्धानंतर इटलीत १९४६ला व्हेस्पा आणि पुढच्या वर्षी लँब्रेटा आल्यावर तर या वाटणीवर शिक्काच बसला. चेतक त्याच वंशातली.

या वाटणीतून निसटलेला पहिला प्रदेश म्हणजे उत्तरेकडचा बर्फ. १८७०च्या आसपास उत्तर स्वीडनमध्ये आणि मग फिनलंड-नॉर्वेत पायानं ढकलायची घसरगाडी रुळली. पुढे लाकडी खुर्ची, खुर्चीच्या पाठीला आडवी मूठ, आणि खुर्चीखालून मागे लांबवर निघालेल्या दोन पट्ट्या. एका पट्टीवर एक पाय, दुसऱ्यानं बर्फ मागे मारायचं. खुर्चीत किराणा ठेवा, नातवंडाला बसवा, नाहीतर चालून दमलेल्या आजीनं स्वतःच टेकावं. १९०९च्या सुमारास जाड लाकडी पट्ट्यांच्या जागी लवचीक पोलादी पट्ट्या आल्या. मूठ पिळली की पट्ट्या वाकतात आणि गाडी वळते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ही गाडी चालणाऱ्यापेक्षा सहज दुप्पट-तिप्पट वेगानं जाते, आणि त्या बर्फावर तेव्हाची सायकल घसरून पडत असे. फिनलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच हिच्या शर्यती लागू लागल्या होत्या. म्हणजे पायानं ढकलायचं वाहन हा मोठ्यांचा खेळ होऊ शकतो, हे सिद्ध व्हायला सव्वाशे वर्षं उलटून गेली आहेत. पुढे मोटारींसाठी रस्त्यांवर वाळू आणि मीठ टाकायला लागले, शहरातला बर्फ वितळला आणि घसरगाडी खेड्यांत गेली. ज्या अडचणीवर ती जगत होती, ती अडचणच नगरपालिकांनी दूर केली.

पण हे सगळं फार तर पार्श्वभूमीचं. माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा आहे तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात. अठराव्या शतकापासून इथे आमिश पंथाची वस्ती आहे. जर्मनीच्या आसपासच्या भागातून आलेले, घोडागाडी वापरणारे, विजेची तार घरात न घेणारे हे लोक आपल्याला सिनेमातून थोडेफार माहीत असतात. त्यांच्या रस्त्यांवर करड्या रंगाच्या बग्ग्या दिसतात, आणि बग्ग्यांच्या बरोबरीनं स्कूटरही. मुलांच्या तर आहेतच. एका खोलीच्या, आठवीपर्यंतच्या शाळांबाहेर त्या रांगेनं उभ्या असतात. पण मोठ्यांच्याही आहेत: लांब झगा आणि डोक्याला टोपी घातलेली बाई कामाला किंवा शेजारच्या शेतावर निघालीय, पुढे दांड्याला तारेची टोपली, टोपलीत डबा. ही स्कूटर दुकानातल्या खेळण्यासारखी नसते. तिला सायकलीची हवेची चाकं असतात, मोठ्यांच्या स्कूटरला बहुधा २० इंची. दणकट लोखंडी चौकट, जमिनीलगत फळी, हाताचे ब्रेक. पेडल आणि साखळी सोडली तर अर्धीअधिक सायकलच ती. मग पेडल का नाही? लोहारकाम त्यांना येतं, पैसाही कमी नाही. कारण एकच: लँकेस्टरच्या आमिश समाजात सायकल निषिद्ध आहे.

हा निषेध बायबलातून आलेला नाही, आणि तंत्रज्ञानाची भीती म्हणूनही तो समजत नाही. या समाजाची घडण बघितली की तो उलगडतो. आमिशांना चर्चची इमारत नसते. पंचवीस-तीस-चाळीस घरांचा एक विभाग असतो, त्याला भौगोलिक हद्द असते आणि दर दुसऱ्या रविवारी त्यांतल्याच कोणाच्या तरी घरी उपासना होते. आपण कोणत्या विभागात, हे आवडीनं ठरत नाही, घर कुठे आहे त्यावर ठरतं. अशा समाजाला माणसं एकमेकांच्या टप्प्यात राहणं गरजेचं आहे. घोडा तासाला बारा-पंधरा किलोमीटर जातो आणि त्याला विश्रांती लागते. तोच त्यांच्या जगाचा व्यास. सायकल हा व्यास सहज वाढवते: चारा नको, जुंपणं नको, तरणा मुलगा संध्याकाळी शहरात जाऊन रात्री परत. स्कूटर ते करू देत नाही. शेजारी जायला ती चालण्यापेक्षा सोपी, शहरात जायला नकोशी. पाय दुखायला लागतात तिथे समाजाची हद्द येते.

यावर एक आक्षेप घेता येतो: ही तर रूढी झाली, तिला विचार म्हणायचं कारण काय? उत्तर त्याच परगण्यात सापडतं. त्याच रस्त्यांवर, त्याच चढ-उतारांवर ग्रॉफडेल कॉन्फरन्सचे जुन्या वळणाचे मेनोनाइट राहतात. तेही मोटार ठेवत नाहीत, तेही घोडागाडी हाकतात. १९२७ मध्ये मोटारीच्याच प्रश्नावरून ते आपल्या जुन्या मंडळीपासून वेगळे झाले. पण ते सायकल वापरतात, मनसोक्त वापरतात. बाहेरच्या माणसाला दुरून दोघे सारखेच वाटतात. वाहनावरून कळतं कोण कुठला. म्हणजे सायकल घ्यायची की स्कूटर, हे तिथल्या भूगोलानं किंवा धर्मग्रंथानं ठरवलेलं नाही, त्या त्या समाजानं बसून ठरवलंय. आमिशांचे नियम, ज्यांना ते ओर्डनुंग म्हणतात, वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, प्रभुभोजनाच्या विधीआधी सगळ्या सभासदांपुढे मांडले जातात आणि सभासद त्याला संमती देतात. सभासद होतो तोही जन्मानं नव्हे, कळत्या वयात बाप्तिस्मा घेऊन. दबाव नसतो असं मी म्हणणार नाही. छोट्या गावातला दबाव काय असतो हे मराठी माणसाला सांगायला नको. पण इतक्या वेळा विचारून पाळलेल्या नियमाला नुसती सवय म्हणणं अन्यायाचं होईल.

दुसरा पुरावा ओहायोतल्या होम्स परगण्यातला. तिथल्या बऱ्याच आमिश मंडळींनी सायकल चालू दिली. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे विजेच्या सायकली आल्या, आणि कामाला, बाजाराला, पाहुण्यांकडे जायला आता त्या सर्रास वापरल्या जातात. एकदा पेडलला हो म्हटलं की बॅटरीला नाही म्हणणं जड जातं. लँकेस्टरच्या वडीलधाऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं असा माझा दावा नाही. त्यांच्यापुढे बॅटरी नव्हती. पण वेगाची पहिली पायरीच नाकारली तर पुढच्या पायऱ्यांचा वाद घालावा लागत नाही, एवढं त्यांचं गणित पक्कं निघालं. या जीवनशैलीचा शरीरावर काय परिणाम होतो याचीही एक नोंद आहे. डेव्हिड बॅसेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या ९८ आमिश प्रौढांच्या कमरेला पावलं मोजणारी यंत्रं लावली; पुरुषांची सरासरी दिवसाला १८,४२५ पावलं भरली, बायकांची १४,१९६. हा अभ्यास लँकेस्टरचा नाही आणि स्कूटरचाही नाही, त्यामुळे तो स्कूटरच्या खात्यावर जमा करता येणार नाही. पण अंगमेहनत टाळणारी साधनं एकेक करून बाहेर ठेवली तर शरीराचं काय होतं, ते त्यातून दिसतं. व्यायाम हा शब्द तिथे कोणी काढत नाही. वेगळा काढायला तो उरतच नाही.

इथे एक अडचणीचं उदाहरण पुढे येतं, ते टाळून चालणार नाही. काँगोच्या पूर्वेला, गोमा शहराभोवती, १९७०च्या दशकापासून चुकुडू नावाची लाकडी स्कूटर चालते. निलगिरीच्या लाकडाची, माणसाहून लांब, लाकडी चाकांना जुन्या टायरचं रबर ठोकलेली. डोंगरातल्या शेतांवरून बटाटे, कोबी, कोळसा लादून काहीशे किलोंचा भार ती उतारावरून शहरात आणते. स्वार एक गुडघा फळीवर टेकतो आणि दुसऱ्या पायानं रेटतो. सपाटीला ढकलत न्यायची, चढाला दोघा-तिघांनी लोटायची. २००९ मध्ये गोमाच्या चौकात चुकुडूवाल्याचा सोनेरी पुतळा उभा राहिला. चालवणारे सगळे प्रौढ, कष्टकरी. पण त्यांनी वेगाला नकार दिलाय असं कोणी म्हटलं तर ते हसतील. ट्रक परवडला असता तर त्यांनी ट्रकच घेतला असता. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी सुरुवातीला नकार असा शब्द न वापरता अडवणूक असा वापरला. मोठ्यांच्या हातात स्कूटर राहते ती सायकल किंवा मोटार अडली म्हणून. अडवणारं कोण, यावर ती हौस ठरते की हमाली. गोम्यात गरिबी आणि ज्वालामुखीच्या खडकाळ वाटा अडवतात. या उदाहरणाला रम्य करून सांगणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं.

आता उलटा पुरावा. विसाव्या शतकाच्या अखेरीस झ्युरिकच्या विम आऊबोटर या बँकेतल्या माणसाला संध्याकाळी आपल्या आवडत्या ठेल्यावर सॉसेज खायला जायचं होतं; अंतर चालायला जास्त, गाडी काढायला कमी. त्यातून त्यानं छोट्या चाकांची, घडी होणारी स्कूटर बनवली. कल्पना पूर्णपणे मोठ्यांसाठी होती. १९९९-२००० मध्ये ती बाजारात आली, तैवानच्या कारखान्यातून 'रेझर' नावानं अमेरिकेत गेली आणि वेड लागल्यासारखी खपली. टोकियो-लंडनमध्ये सुटाबुटातले लोकही काही महिने त्यावर दिसले. मग नकला आल्या, किमती कोसळल्या, आणि मोठी माणसं उतरली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०००च्या डिसेंबरात आकडे दिले: जानेवारी ते ऑक्टोबरात २७,६०० हून अधिक लोक स्कूटरच्या अपघातानं आपत्कालीन कक्षात आले, त्यांतले सुमारे ८५ टक्के १५ वर्षांखालचे. दुखापतीच्या या आकड्यांतच ती कोणाच्या हातात गेली होती ते वाचता येतं. शहरात वेळ वाचवायचं साधन म्हणून आलेली स्कूटर वर्षभराच्या आत खेळणं झाली. झ्युरिकमध्ये मोठ्यांची सायकल कशानंच अडलेली नव्हती. चालणं, ट्राम, सायकल, सगळं हाताशी होतं. वेगाच्या स्पर्धेत उतरली की पायाची स्कूटर हरणारच.

ती जिंकली ती स्पर्धा सोडून दिल्यावर. फिनलंडमधला हान्नू व्हिएरिक्को हा बर्फावरच्या घसरगाडीचा शर्यतपटू. बर्फ वितळल्यावरही तोच व्यायाम करता यावा म्हणून त्यानं १९९०च्या दशकात घसरगाडीला चाकं दिली: पुढे २८ इंची सायकलीचं चाक, मागे त्याहून बरंच लहान, मध्ये जमिनीला जवळजवळ टेकणारी फळी. 'किकबाइक' या नावानं ती निघाली आणि आजच्या व्यायामाच्या स्कूटरचा साचा तिनं घालून दिला. तिचा वंश अशा रीतीनं खेळण्यातून आलेला नाही, बर्फावरच्या मोठ्यांच्या वाहनातून आलाय. चेक आणि डच मंडळींनी हा खेळ उचलला. आज आंतरराष्ट्रीय किकस्लेड आणि स्कूटर संघटना जागतिक स्पर्धा भरवते, आणि तिथे पेडल, साखळी, मोटर काहीही चालत नाही. मला हा नियम लँकेस्टरच्या ओर्डनुंगचा सख्खा भाऊ वाटतो. फरक एवढाच की तिथे समाज टिकवायला सायकल अडवली जाते, इथे श्रम टिकवायला. एकट्यानं स्वतःला घातलेली बंदी फार दिवस टिकत नाही, म्हणून क्लब लागतो, शर्यत लागते, नियमपुस्तक लागतं.

श्रम कुठून येतो तेही बघू. सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं. स्कूटरवर ते उभ्या पायावर. रस्त्याला पाय मारायचा तर उभा गुडघा दर वेळी थोडा वाकवावा लागतो आणि परत सरळ करावा लागतो. ही एका पायावरची छोटी बैठकच. दुसरा पाय कमरेतून मागे जातो, धावताना जातो तसा, पण धावण्यात प्रत्येक पावलाला गुडघ्यावर बसतो तो दणका इथे बराच कमी. एका धक्क्यात चार मीटर कापले असं धरलं तर १० किलोमीटरला अडीच हजार धक्के होतात, म्हणजे अडीच हजार बैठका, दोन्ही पायांत वाटून. फळी जमिनीपासून जितकी उंच तितकी बैठक खोल, म्हणून जाणते लोक फळीच्या उंचीवरून सेंटिमीटर-सेंटिमीटरची घासाघीस करतात. एकच पाय मारत राहिलं तर दुसरी मांडी पेटते. सरावलेले स्वार पाच-सात धक्क्यांनंतर फळीवरच टाच फिरवून किंवा हलकी उडी मारून पाय बदलतात. नवखा माणूस पहिल्या दिवशी हे विसरतो आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावर त्याला आठवतं.

सगळ्यांत मोठा आक्षेप अर्थातच हा: जे काम सायकल कमी श्रमात करते, ते जास्त श्रमात करण्यात शहाणपण कसलं? वाहतूक म्हणून विचारलं तर काहीच नाही, आणि स्कूटरची भलामण करणारे हे कबूल करत नाहीत तिथे त्यांचं चुकतं. पण लिफ्ट असताना जिना चढणाऱ्याला कोणी हा प्रश्न विचारत नाही. अर्ध्या तासात घाम काढायचा असेल तर कमी कार्यक्षम यंत्र हेच चांगलं यंत्र. श्रम काढून टाकले की हे वाहन काय होतं याची दोन उदाहरणं समोर आहेत. स्वित्झर्लंडला जाणारे आपले पर्यटक ग्रिंडेलवाल्डला डोंगरावरून 'ट्रॉटीबाइक' घेऊन भन्नाट खाली येतात, चेकमधल्या पुस्तेव्हनीच्या डोंगरावरही पाळण्यानं वर जाऊन स्कूटरनं उतरायची सोय आहे. मजा आहेच, पण ती उताराची. व्यायाम ब्रेक दाबणाऱ्या बोटांना. दुसरं उदाहरण विजेच्या स्कूटरचं. २०१७ नंतर भाड्याच्या विजेच्या स्कूटरींनी शहरं भरली. त्या पदपथावर चढल्या, चालणाऱ्यांना आडव्या आल्या, आणि २ एप्रिल २०२३ रोजी पॅरिसनं मतदान घेतलं; आलेल्या मतदारांपैकी ८९ टक्क्यांनी त्या हटवा म्हटलं आणि सप्टेंबरपासून त्या गेल्या. मतदानाला आले होते जेमतेम साडेसात टक्के, हेही सांगायला हवं. तरी मानहाइमच्या १८१७च्या हुकुमाची आठवण यावी असा हा प्रकार. पायाच्या मोठ्या स्कूटरविरुद्ध अशी मोहीम झाली नाही, कारण तासाला पंधरा किलोमीटरसाठी घाम गाळणारे लोक शहर भरून टाकण्याइतके कधीच होत नाहीत.

आपल्या रस्त्यांवर हे चालेल का, असं कोणी विचारलं तर उत्तर चाकाच्या मापात आहे. शंभर मिलिमीटरच्या चाकाची त्रिज्या पन्नास. दोन सेंटिमीटरचा खड्डा किंवा गटाराच्या जाळीची फट त्याला भिंतीसारखी लागते आणि स्वार तोंडावर जातो. २८ इंची चाकाला तोच खड्डा जाणवतो तेवढाच. तेव्हा पाय सरसावलेच असतील तर मुलाची घडीची स्कूटर मागून घेऊ नका. पुढचं चाक सायकलीचं, हवेचं आणि निदान वीस इंची हवं, फळी जमिनीच्या जितकी जवळ मिळेल तितकी, दोन्ही चाकांना हाताचा ब्रेक. रहदारी सुरू होण्याआधीची पहाट किंवा एखादं मोठं मैदान निवडा, पदपथ चालणाऱ्यांना सोडा, आणि सातव्या धक्क्याला पाय बदला.